हिरवा तलाव निळा कसा करावा
(सोसायटीच्या नव्या कमिटी सदस्यांसाठी)

निवडून आल्याबद्दल अभिनंदन. पार्किंगच्या भांडणात पडायला नको म्हणून तुम्ही स्विमिंग पूल मागून घेतलात. वाकडमधले अनुभवी लोक पार्किंगच घेतात. असो, पाणी हिरवं झालंच आहे, तर पुढीलप्रमाणे करावे.

१. पाणी सोडून देऊ नका. ग्रुपवर पहिला सल्ला हाच येईल. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९पासून पाणी दिवसाआड झालं. लाखभर लिटरचा तलाव पुन्हा भरायचा म्हणजे दहा हजारी टँकरच्या दहा खेपा, आणि त्यांचं बिल सभेत वाचून दाखवायला तुम्हीच उभे असाल. आहे त्याच पाण्यातलं शेवाळ मारता येतं.

२. आधी पीएच मोजा. तो ७.२ ते ७.६ हवा. आठच्या वर गेला की क्लोरीन पाण्यात हजर असतो, पण काम फारसं करत नाही. कमिटीत चार महिने काढलेत की हा प्रकार ओळखीचा वाटू लागेल. पीएच उतरवायला अ‍ॅसिड लागतं. ते आणि क्लोरीन कधीही एकत्र करू नका, शेजारी ठेवूही नका. विषारी वायू तयार होतो. इथे विनोद नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये कासारवाडीच्या महापालिका तलावावर क्लोरीन वायूची गळती झाली, तेव्हा लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं.

३. भिंती, पायऱ्या, शिडीमागचे कोपरे घासून घ्या. बुळबुळीत थराखालच्या शेवाळापर्यंत क्लोरीन पोचत नाही.

४. हिशोब करा. एक लाख लिटरला १० पीपीएम म्हणजे एक किलो क्लोरीन. ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट असेल तर साधारण दीड किलो. खजिनदार स्वस्तातली टीसीएल पावडर सुचवतील. तिच्यातल्या चुन्याने पाणी हिरव्याचं पांढरं होईल. पावडर बादलीतल्या पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. टाकायची तीही दिवस मावळल्यावर. उन्हात निम्मा क्लोरीन बघता बघता उडतो आणि शेवाळ तसंच राहतं.

५. पंप चालू ठेवा. सकाळी पाणी राखाडी दिसेल आणि कुणीतरी म्हणेल, "अजून दोन किलो टाका." टाकू नका. क्लोरीन शेवाळ मारतो, उचलून नेत नाही. ते काम वाळूच्या फिल्टरचं. तो चोवीस तास चालवा, प्रेशर चढलं की बॅकवॉश करा. शेवटचा बारीक गढूळपणा हटत नसेल तर तुरटी फिरवून पंप एक रात्र थांबवा आणि सकाळी तळाचा गाळ व्हॅक्यूमने थेट ड्रेनमध्ये सोडा. जाता जाता जुनं मिनिट बुकही चाळा. लाइट बिल वाचवायला पंप दिवसातून दोन तासच चालवण्याचा ठराव त्यात सापडेल. शेवाळ त्याच्या पुढच्या महिन्यातलं असेल.

६. तलाव उघडण्याची घाई नको. खोल बाजूची तळातली जाळी काठावरून स्पष्ट दिसली पाहिजे, कारण गढूळ पाण्यात बुडणारा माणूस लाइफगार्डला दिसत नाही. क्लोरीनही ३ पीपीएमच्या खाली उतरू द्या.

तोवर ग्रुपवर रोज विचारणा होईल. "काम चालू आहे" एवढंच लिहा, पण लिहिण्याआधी पंप रूममध्ये जाऊन पंप चालू आहे ना, ते बघून या.