भोंगा तुमचा, झोप आमची

आपल्याकडे माणूस गाडी बेस मॉडेल घेतो आणि शोरूमच्या फाटकाबाहेर पडायच्या आत तिचं टॉप मॉडेल करायच्या मागे लागतो. रिमोट, सेंटर लॉक आणि अलार्म यांच्यासाठी कंपनी वरच्या व्हेरियंटचे जे जादा पैसे सांगते, ते ऐकून त्याच्यातला मध्यमवर्गीय खडबडून जागा होतो. एवढ्याशा वायरींचे एवढे पैसे? मग पुण्यात असेल तर नाना पेठ नाहीतर पासोड्या विठोबा, मुंबईत असेल तर लॅमिंग्टन रोड. काही हजारांत अख्खं किट हातात पडतं. बसवायची मजुरी दुकानदार वेगळी सांगतो आणि तिथे घात होतो. "त्यात काय एवढं? मीच बसवीन की!"

असं म्हणणारा माणूस बहुधा इंजिनिअर असतो. शाखा विचारू नये. बारा व्होल्टला घाबरायचं काय कारण, असं सिव्हिलवाल्यालाही वाटतं.

खोक्यातून निघतं ते असं : एक काळा कंट्रोल बॉक्स, दोन रिमोट, चार दारांच्या चार मोटरी, एक शॉक सेन्सर, एक लुकलुकणारा लाल दिवा, एक रिले आणि एक भोंगा. शिवाय वायरींचा झुपका आणि एक घडीचा कागद, ज्यावरचं इंग्रजी वाचून आपण मराठी माध्यमात शिकलो याचा अभिमान वाटावा. लाल वायर बॅटरीची आणि काळी बॉडीची, इथपर्यंत जगाचं एकमत आहे. त्यापुढे प्रत्येक उत्पादकाचा पंथ वेगळा. एकाची इग्निशनची वायर पिवळी, दुसऱ्याची पांढरी, तिसऱ्याची कागदावर निळी आणि प्रत्यक्षात जांभळी.

दाराच्या वायरीत तर दोन जाती आहेत. निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह. दार उघडल्यावर छतातला दिवा लावणारं बटण बहुतेक गाड्यांत अर्थिंग देतं, म्हणजे वायर निगेटिव्हची घ्यायची. हे टेस्टर लावून तपासायचं असतं. आमच्या बी विंगमधल्या गृहस्थांना तपासणं हा स्वतःच्या पदवीचा अपमान वाटला. त्यांनी पॉझिटिव्हची वायर जोडली. आता दार उघडलं तरी त्या अलार्मच्या लेखी ते बंदच आहे. चोराने ते सताड उघडून आत बसून डबा खाल्ला तरी अलार्मची काही हरकत नाही.

खरी परीक्षा दारांची. आधी हँडलच्या खोबणीत लपलेले स्क्रू शोधायचे, मग पॅड ओढायचं. पॅड प्लास्टिकच्या क्लिपांवर बसलेलं असतं. त्यातली एक तरी तुटतेच आणि पुढे गाडी विकेपर्यंत ते दार खड्ड्याखड्ड्याला आठवण करून देतं. पॅडमागे काळ्या चिकट गोंदाने लावलेला प्लास्टिकचा कागद असतो. तो पाऊस बाहेर ठेवण्यासाठी लावलेला आहे, हे तो टराटरा फाडणाऱ्याला जुलैमध्ये पायाखालचं मॅटिंग भिजल्यावर कळतं. त्यानंतर दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतून वायर ओवायची. इथे भलेभले हात टेकतात. जाणकार माणूस सायकलचा स्पोक घेतो, टोकाला वायर टेपने बांधतो, रबराला साबणाचं पाणी लावतो आणि हलक्या हाताने सरकवतो. अजाण माणूस रबराला भोक पाडतो.

चार मोटरींतली ड्रायव्हरच्या दारातली ती मास्टर. तिला पाच वायरी, बाकीच्यांना दोन-दोन. हुकूम मास्टरने सोडायचा आणि बाकीच्यांनी तो पाळायचा, अशी जुन्या वळणाची व्यवस्था. मोटरीची दांडी कुलपाच्या दांडीला स्क्रूने आवळायची आणि दोन्ही एका रेषेत सरकल्या पाहिजेत. जरा तिरकी बसली, की बटण दाबल्यावर खट्ट असा भारदस्त आवाज येतो, इंडिकेटर लुकलुकतात, मालक मागे वळूनही न पाहता ऐटीत निघून जातो आणि मागचं डावं दार उघडंच राहतं. किल्ली फिरवून कुलूप लावणारा माणूस निदान हँडल ओढून तरी बघायचा.

हे सगळं रविवारी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, भरल्या गर्दीत चालतं. बॉनेट उघडलं, की अख्ख्या इमारतीतले निवृत्त अधिकारी खाली उतरतात. सल्ला फुकट असतो आणि किमतीच्या मानाने वाईट नसतो. "बॅटरीचं निगेटिव्ह काढलंस का रे आधी?" हा प्रश्न विचारणारे काका त्या गर्दीतले एकमेव शहाणे, त्यांना तिथे कोणी विचारत नाही. स्टिअरिंगखालच्या पिवळ्या वेष्टणातल्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना हात काय, टेस्टरचं टोकही लावू नये, हेही तेच सांगतात. सांधा खरं तर सोल्डर करून, वर गरम केल्यावर आकसणारी नळी चढवून करायचा. आपल्याकडे तो दाताने वायर सोलून, पीळ घालून आणि काळी चिकटपट्टी गुंडाळून होतो. मे महिन्यात उन्हात तापलेल्या गाडीत त्या पट्टीचा गोंद पाघळतो, पट्टी सुटते आणि मग उभी गाडी भरदुपारी एकटीच इंडिकेटर देऊ लागते. लोकांना वाटतं, गाडी वळणार आहे.

आता वळू भोंग्याकडे. खोक्यावर १२० डेसिबल असं ठळक छापलेलं असतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. डेसिबल दर दहाने वाढले, की आवाजाची तीव्रता दसपट होते. म्हणजे ४५ आणि १२० यांच्यातला फरक तीन कोटी पटींहून अधिक. अर्थात १२० भोंग्याच्या तोंडाशी आणि ४५ सर्वसाधारण वस्तीचे, हे मान्य. पण पार्किंग आणि आपली खिडकी यांत अंतर किती, ते बिल्डरला विचारा.

बरं, ओरडतो कशावर? शॉक सेन्सरला एक बारीक फिरकी असते. ती स्क्रू ड्रायव्हरने थोडी-थोडी फिरवून संवेदनशीलता ठरवायची असते. स्वतः बसवणारा ती थेट शेवटपर्यंत नेतो, कारण पैसे पूर्ण सेन्सरचे दिलेत. मग वळवाचा पहिला गडगडाट, पाण्याचा टँकर, बॉनेटच्या उबेला आलेलं मांजर, गणपतीतलं ढोल-ताशा पथक, या सगळ्यांना तो गुन्हेगार धरतो. दिवाळीत पोरांना शोध लागतो, की एका सुतळी बॉम्बमध्ये पार्किंगची अख्खी रांग सहा-सहा सुरांत गाऊ लागते. त्यानंतर कोण फुलबाज्या लावत बसतो?

आणि रात्री अडीचला भोंगा वाजला, की धावून कोण येतं? कोणी नाही. खिडक्या उघडतात, पण चोर दिसतो का हे पाहायला एकही उघडत नाही. गाडी कोणाची आहे हे पाहायला सगळ्या उघडतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'पांढऱ्या गाडीवाल्यांनी कृपया लक्ष द्यावे' इथपासून सुरुवात होते आणि पहाटेपर्यंत मेंटेनन्सची थकबाकी निघते. सबंध इमारतीत त्या आवाजाने जाग न येणारा माणूस एकच असतो, तो म्हणजे मालक. त्याला शांत झोप लागलेली असते, कारण गाडीला अलार्म आहे. किटमध्ये भोंगा येतो. धावून येणारा माणूस वेगळा घ्यावा लागतो आणि तो अजून नाना पेठेत आलेला नाही. मोठ्या शहरांनी हे कधीच ओळखलं. न्यूयॉर्कमध्ये गाडीचा अलार्म तीन मिनिटांत आपोआप गप्प झाला पाहिजे, असा नियमच आहे. म्हणजे अलार्म चोरासाठी आणि नियम अलार्मसाठी.

चोराचं काय? चोर या सगळ्या गोंधळात कुठेच नसतो. काच फोडून, वायरी ओढून गाडी पळवणारा चोर ही जुन्या हिंदी सिनेमाची श्रद्धा. हल्लीच्या चोराला आवाज आवडत नाही आणि त्याची गरजही पडत नाही. स्वस्त किटच्या रिमोटमधून दर वेळी एकच ठरलेला कोड जातो. तो एकदा हवेतून पकडला, की पुन्हा पाठवता येतो आणि गाडी इमानाने दार उघडते. दर वेळी कोड बदलणारे रिमोट त्याहून बरे. किट घेताना दुकानदाराला विचारायचा एकच प्रश्न असेल तर तो हा. पण गिऱ्हाईक विचारतं, "रंग काळाच आहे का?"

किल्ली खिशातून न काढता दार उघडणाऱ्या महागड्या गाड्यांची कथा आणखी मजेदार. गाडी हळू आवाजात हाक मारते, किल्ली जवळ असेल तर ओ देते, दार उघडतं. झुरिचच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिलं, की दोन यंत्रं घेऊन ही हाक लांबवर पोचवता येते. एक यंत्र गाडीपाशी, दुसरं किल्लीच्या आसपास. त्यांनी आठ कंपन्यांच्या दहा गाड्या तपासल्या. दहाही उघडल्या आणि सुरूही झाल्या. गाडीच्या मते सारं रीतसर झालेलं असतं, त्यामुळे अलार्म वाजायचा प्रश्नच येत नाही. मांजरावर कोकलणारा भोंगा चोराला मात्र अदबीने वाट करून देतो. यावर सोपा उपाय म्हणजे घरात किल्ली धातूच्या बंद डब्यात ठेवणे. लाखो रुपयांच्या तंत्रज्ञानाची राखण शेवटी स्टीलच्या मसाल्याच्या डब्याने करायची. आईने तो अनेक वर्षं उगाच घासला नव्हता.

गंमत पुढेच आहे. या खोक्यात खरोखर कामाची वस्तू एकच असते आणि ती तोंडातून अवाक्षर काढत नाही. रिले. स्टार्टरच्या वायरीत तो घातला, की अलार्म लावलेला असताना किल्ली फिरवली तरी इंजिन सुरू होत नाही. गाडी धावत असताना तो निवांत पडून असतो, म्हणून तो स्टार्टरवरच घ्यावा. इंधनाच्या पंपावर किंवा इग्निशनवर घेतला आणि चिकटपट्टीचा सांधा एक्स्प्रेस वेवर सुटला, तर चोराच्या आधी मालकाचीच गाडी बंद पडते. मुकी वस्तूच कामाची, हा जगाचाही अनुभव आहे. युरोपीय संघाने १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला. हाही इंजिन मुकाट्याने अडवून धरणाराच प्रकार. नेदरलँड्समधल्या दोन अर्थतज्ज्ञांनी तिथला हिशेब मांडला, तर त्यामुळे मोटारचोऱ्या सरासरी ४० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. भोंग्याच्या नावावर अशी कामगिरी काढून दाखवा.

तरीही रविवारी संध्याकाळी सगळ्यात आधी काय जोडलं जातं? भोंगा. त्याला वायरी दोनच, आणि वाजवून दाखवता येतो. प्रेक्षक टाळ्या देतात. रिलेच्या जाड वायरी स्टिअरिंगखाली, अंधाऱ्या जागी, मान मोडून शोधाव्या लागतात आणि जोडल्यावर दाखवायला काही नाही. म्हणून तो 'पुढच्या रविवारी बघू' म्हणत डिकीतल्या पिशवीत जातो. हे फक्त गाडीपुरतं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी कोणत्याही वाहिनीवरची रात्री नऊची चर्चा पाहावी.

हिशेबी मंडळींसाठी शेवटचा आकडा. मान्यताप्राप्त चोरीविरोधी यंत्रणा असेल तर जुन्या मोटार टॅरिफमध्ये विमा हप्त्यातल्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर अडीच टक्के सूट ठरलेली होती, जास्तीत जास्त ५०० रुपये. अट अशी, की यंत्रणा पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने मान्य केलेली हवी आणि ती बसवल्याचा दाखला ऑटोमोबाइल असोसिएशनकडून हवा. बी विंगमधल्या इंजिनिअरचा दाखला चालत नाही. उलट कापलेल्या वायरी दिसल्या, की सर्व्हिस सेंटरवाला वॉरंटीच्या कागदाकडे बोट दाखवतो आणि मजुरीचे वाचवलेले पैसे व्याजासकट वसूल होतात.

तेव्हा हौस असेल तर जरूर बसवा. बॅटरी काढा, टेस्टर लावा, सोल्डर करा, चारही दारांची हँडलं ओढून बघा आणि रिले आधी जोडा. भोंगा मात्र खोक्यातून काढूच नका. लग्नसराईत व्याह्यांना आहेर म्हणून द्या. फक्त ते दुसऱ्या गावात राहतात, एवढी खात्री करून घ्या.