ब्लॅकबर्नचा खामगावकर मालक

खामगावात ब्लॅकबर्न रोव्हर्सचा एकच चाहता आहे आणि गावात त्याच्या शब्दाला वजन आहे, असं त्या चाहत्याचं, म्हणजे माझं, ठाम मत आहे. बाकीची पोरं मँचेस्टर, बार्सिलोना असे आयते जिंकणारे संघ धरतात. त्यात कसलं कर्तृत्व? ऑगस्ट २०१७ मध्ये, इंग्लंडच्या तिसऱ्या पायरीवरच्या लीगमध्ये, साउथएंडकडून आपला संघ २-१ ने हरला हे मोबाइलवर वाचून जेवण नको म्हणायला जातिवंत चाहता लागतो. बायकोने ताट झाकून ठेवलं आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?"

मालकीचा मुद्दा आधी मिटवतो. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकीजने हा क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला. इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमधला क्लब भारतीय मालकाच्या हाती जाण्याची ती पहिलीच वेळ. ज्या डॉ. बी. व्ही. रावांनी देशाच्या कोंबडीउद्योगाची घडी बसवली, त्यांच्याच मुलांनी हा सौदा केला. आता कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याकडचं पाखरू कोणत्या शेडमधून येतं, हे त्यालाही सांगता येत नाही. पण दर रविवारी अर्धा किलो ब्रॉयलर घेणाऱ्या माणसाने स्वतःला भागधारक मानू नये असा कायदा नाही. मी 'त्यांचा संघ' असं कधी म्हटलं नाही. 'आम्ही' म्हणतो. 'आम्ही १९९५ साली प्रीमियर लीग जिंकली होती' असंही म्हणतो. तेव्हा अॅलन शिअररने एका हंगामात ३४ गोल केले होते आणि मी फुटबॉल पाहिलाही नव्हता.

मालकी आली तशी बदनामीही आली. मे २०१२ मध्ये घरच्याच मैदानावर विगनशी सामना होता, हरलो तर खाली जाणार होतो, आणि चिडलेल्या प्रेक्षकांनी क्लबचा झेंडा पांघरलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. हा फोटो मी चिकनवाल्याला दुःख वाटून घ्यायला दाखवला. त्याने हात पुसले, फोटो मोठा केला आणि म्हणाला, "ब्रॉयलर हाय का गावरान?"

"मुद्दा तो नाही," मी म्हणालो.

"तोच तं मुद्दा हाय, साहेब. ब्रॉयलर असती तं पळालीच नसती. आहे तिथंच बसली असती."

मग ती गावरानच असावी. त्या दिवशी निळ्या-पांढऱ्या रंगात मैदानात सर्वांत चपळ तीच होती. आम्ही १-० ने हरलो आणि खाली गेलो. पाच वर्षांनी, मे २०१७ मध्ये, आणखी एक पायरी घसरलो. तीही कशी, तर शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला त्यांच्या घरी ३-१ ने हरवून. गुण नॉटिंगहॅम फॉरेस्टइतकेच, ५१, पण गोलफरकात मागे. जिंकूनही बुडता येतं, हे कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या पायरीवर जाण्याचा तो पहिलाच प्रसंग. पहिलेपणाचा मान आमचाच.

कार्यालयात मात्र समजावून सांगणं जड गेलं. आपल्याकडे बढती म्हणजे ज्येष्ठता यादी, बिंदुनामावली, गोपनीय अहवाल आणि पदोन्नती समितीची पुढे ढकललेली बैठक. इंग्लंडात सगळं गुणांवर. ४६ सामने खेळायचे, पहिले दोन थेट वर, पुढचे चार आपसात लढून त्यांतला एक वर, आणि शेवटचे चार खाली. साहेबांनी समोरची फाइल मिटली. "शेवटचे चार खाली? दरवर्षी?" त्या दिवसापासून साहेब फुटबॉलला अमानुष खेळ म्हणतात.

तिसऱ्या पायरीवरच्या हंगामाची सुरुवात साउथएंडने केलीच होती. दुसऱ्या सामन्यात डॉनकास्टरने आमच्याच मैदानावर येऊन ३-१ ने हरवलं. त्यानंतर काय झालं देव जाणे, उरलेल्या ४४ सामन्यांत आम्ही फक्त चार हरलो. प्रशिक्षक टोनी मोब्रे, चेहरा कायम पंचनाम्याला आलेल्या तलाठ्यासारखा, पण माणूस खमका. जिलिंगहॅमकडून घेतलेल्या ब्रॅडली डॅकने लीगमध्ये १८ गोल मारले. कर्णधार चार्ली मलग्रू बचावात खेळून वर गोलही मारत होता. आमच्या आस्थापना शाखेत अशाला दोन टेबलांचा चार्ज म्हणतात, आणि भत्ता देत नाहीत.

आता थोडं कापसाबद्दल. (चहाच्या टपरीवर मी इथपर्यंत आलो की लोक आपापले पैसे देऊन उठतात.)

ब्लॅकबर्न हे मुळात विणकरांचं गाव. सूतकताईचं 'स्पिनिंग जेनी' यंत्र बनवणारा जेम्स हारग्रीव्ह्ज त्याच पंचक्रोशीतला. तिथल्या मागांवर खास हिंदुस्थानासाठी धोतरं विणली जात, जहाजंच्या जहाजं भरून येत. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस थांबला, लँकेशायरमध्ये लोक उपाशी पडले आणि इंग्रज साहेबांची नजर वऱ्हाडावर गेली. वऱ्हाड त्यांनी फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी १८५३ मध्येच निजामाकडून आपल्याकडे घेतलेलं होतं. मग १८७० साली जलंब ते खामगाव अशी तेरा-एक किलोमीटरची आगगाडी टाकली, फक्त इथल्या बाजारातल्या गाठी उचलण्यासाठी, आणि उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आला. दोन वर्षांनी अंदमानात ज्याचा खून झाला तोच हा मेयो. दोन्ही घटनांचा संबंध नाही, तरी पाहुण्यांना सांगितलेलं बरं वाटतं.

ती गाडी अजून खामगावात येऊन थांबते आणि आल्या वाटेने जलंबला परत जाते. पुढे जालन्यापर्यंत न्या, ही मागणी माझ्या आजोबांच्या पिढीची. सर्वेक्षणं झाली, निवेदनं झाली, उपोषणं झाली, निवडणुका तर झाल्याच झाल्या. या लाइनीला बढती मिळाली नाही. खालीही कोणी पाठवलं नाही, कारण हिच्याखाली लीगच नाही.

पण तारखा बघा. १८७० साली खामगावला आगगाडी आली आणि १८७५ साली ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लब निघाला. आमच्या कापसाच्या पैशावर गाव धष्टपुष्ट झालं म्हणून पोरांना चेंडू लाथाडायला सवड मिळाली, हे खोटं असल्याचं कोणी सिद्ध करून दाखवावं. इतिहासाच्या एका प्राध्यापकांनी मला सांगून पाहिलं की वऱ्हाडचा कापूस आखूड धाग्याचा, लँकेशायरला तो फारसा आवडत नसे, पुढे त्यातला बराचसा मुंबईच्या गिरण्यांना आणि जपानला गेला. टंचाईच्या काळात तिथले विणकर चर्चमध्ये 'देवा, कापूस पाठव, पण हिंदुस्थानचा नको' अशी प्रार्थना करत, अशी गोष्टही त्यांनी ऐकवली. त्या प्राध्यापकांशी मी आता कामापुरतंच बोलतो.

एक फोटो मात्र मी वारंवार काढून बघतो. सप्टेंबर १९३१. गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडात असलेले गांधीजी मुद्दाम लँकेशायरला, ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेनला गेले. परदेशी कापडावरच्या बहिष्काराने त्या भागातल्या कामगारांच्या पोटावर पाय आलेला. आणि तिथल्याच गिरणीतल्या बाया त्यांच्याभोवती हात उंचावून, तोंडभर हसत उभ्या आहेत. मधे हा पंचा नेसलेला म्हातारा, तोही हसतोय. दोघांचंही भांडण दुसऱ्या कोणाशी तरी होतं, हे त्या बायांना कसं उमगलं असेल, मला कळत नाही. त्यांच्या नातवंडांनी कोंबडी सोडली असेल तर मी रागावत नाही.

तर आम्ही गुणतक्त्यात वर सरकत होतो आणि इकडे पऱ्हाटी खाली बसत होती. त्याच हंगामात, २०१७ च्या खरिपात, गुलाबी बोंडअळीने वऱ्हाडाचा कापूस फस्त केला. धाकट्या भावाचं शेत शेगाव तालुक्यात. नोव्हेंबरात गेलो तेव्हा पीक बांधावरून हिरवंगार, डोळ्यांत भरणारं. भावाने एक बोंड तोडून अंगठ्याने फोडलं. आत अळी आणि कापसाच्या जागी पिवळी पडलेली कवडी. दुसरं फोडलं. तिसरं. मग म्हणाला, "राहू दे, दादा. तुह्या संघाचं काय चाललं?"

आदल्याच आठवड्यात आम्ही जिंकलो होतो. मी म्हणालो, "चाललंय बरं."

हमीभाव लांब धाग्याला ४,३२० रुपये क्विंटल होता, पण हमीभावाला आधी कापूस लागतो. लोकांनी उभ्या पिकात नांगर घातला, कुठे गुरं सोडली. नागपूरच्या अधिवेशनात मदत जाहीर झाली, पंचनामे झाले आणि मग दोष कोणाचा याचा सामना सुरू झाला. बियाणंवाले म्हणत, तुम्ही कडेला नॉन-बीटीच्या ओळी लावल्या नाहीत. कृषी खातं म्हणे, तुम्ही पीक लांबवून फरदड घेतली. दुकानदार म्हणे, तुम्ही फवारणी उशिरा केली. चेंडू दुसऱ्याच्या हद्दीत ढकलण्याचं तिघांचं कसब असं की मोब्रेने त्यांना डोळे झाकून मधल्या फळीत घेतलं असतं. मला चीड येते ती याची. त्या खेळात निदान तक्ता असतो. कोण कुठे उभा आहे, वर यायला किती गुण लागतील, हे डॉनकास्टरच्या पोरालाही ठाऊक असतं. माझ्या भावाला किती गुण कमी पडले, हे त्याला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

२४ एप्रिल २०१८. सामना डॉनकास्टरशी, त्यांच्या मैदानावर. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे सव्वाबारा, कूलरमधून गरम वाफा आणि माझ्या हातात मोबाइल. ०-०, ०-०, ०-०. शेवट जवळ आला तसा मलग्रूने गोल मारला. शिट्टी वाजली आणि मी अंथरुणात उभा राहून ओरडलो, "वर गेलो!"

"अहो, रात्रीचं असं अभद्र काय बोलता!" बायको धडपडून उठली. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दुसरे आहात ना? मग पहिलं कोण?"

विगन. हंगाम संपला तेव्हा त्यांचे ९८ गुण झाले, आमचे ९६. मी दिवा मालवला.

सकाळी शेगावची कचोरी घेऊन कार्यालयात गेलो. बढतीची कचोरी म्हटल्यावर सगळ्यांनी उठून हात मिळवले आणि कोणत्या पदावर, कोणत्या तालुक्यात, असं विचारलं. "चॅम्पियनशिपमध्ये," मी म्हणालो. दोघांनी कचोरी परत ठेवली. साहेबांनी मात्र खाल्ली, आणि त्या शेवटच्या चारांची चौकशी केली.

मेअखेरीस भाऊ खामगावला आला. मी त्याला सगळा हंगाम पहिल्यापासून सांगितला, साउथएंडपासून मलग्रूपर्यंत. त्याने मनापासून ऐकलं. 'आम्ही' हा शब्द बहुधा त्याने मोजून ठेवला असावा. चहा संपवून म्हणाला, "म्हंजे क्लब तुहाच हाय म्हण ना."

"तसंच समज."

"मंग मालकाकून बियाण्याचे पाच पाकिटं होऊन जाऊ दे. सातशे चाळीसला एक हाय औंदा."

पुन्हा कापूसच लावणार का, असं विचारायचं ओठावर आलं होतं. मालकाला शोभलं नसतं. ३,७०० रुपये मोजून दिले.