मिनिटाला ७२

आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळत नव्हता, हे प्लंबरने शोधून काढलं. व्हिजिटचे २०० रुपये आधी खिशात घातले आणि मग म्हणाला, "साहेब, नळ ठणठणीत आहे. गळतोय तो तुमचा स्पीकर."

झालं होतं असं. आषाढीला भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकायला दोन अभंग घरीच रेकॉर्ड करायचं मी ठरवलं. गळा माझा, पेटी माझी, तबला नानांचा. नाना आणि मी २२ वर्षं एका सतरंजीवर बसतोय. भाच्याने लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि चपला घालता घालता सांगितलं, "मामा, आधी पेटी आणि आवाज क्लिकवर घ्या. तबला मग बसवू." क्लिक म्हणजे त्यातला मेट्रोनोम. मिनिटाला सांगाल तितक्या टिचक्या वाजवणार, एक कमी नाही, एक जास्त नाही. मुळात तो १२० वर असतो. १२० ला आमचा अभंग म्हणजे आठ-बाराची लोकल पकडायला धावणारा वारकरी. मी ७२ केला आणि लाल बटण दाबलं.

शांतता.

मेट्रोनोमचं बटण वेगळं चालू करावं लागतं, हे अर्ध्या तासाने कळलं. तो 'रेकॉर्ड करताना' वाजावा की 'ऐकताना', हेही वेगवेगळं सांगावं लागतं. मी दोन्हीकडे खूण केली. पडद्यावर दिवा लुकलुकायला लागला, पण कानात काही नाही. लॅपटॉपने मधल्या काळात स्वयंपाकघरातल्या ब्लूटूथ स्पीकरशी जुनी ओळख काढली होती आणि क्लिक डाळीच्या डब्यामागे मिनिटाला ७२ ने ठिबकत होता. "अहो, थेंब अगदी एकसारखा पडतोय," असं ही दोनदा म्हणालीही होती. कानाला हेडफोन असलेला नवरा जितकं ऐकतो तितकंच मी ऐकलं. तिने प्लंबरला फोन केला.

स्पीकर बंद करून मी ब्लूटूथचेच हेडफोन जोडले. आता क्लिक ऐकू आला, मी अगदी त्याच्यावर बोट ठेवून वाजवलं, आणि नंतर ऐकतो तर पेटी प्रत्येक मात्रेला मागून लंगडत येतेय. फोनवर भाचा म्हणाला, "ब्लूटूथ काढा आधी. त्याच्यात आवाज कानापर्यंत पोचायला सेकंदाचा पाचवा-सहावा हिस्सा सहज जातो." म्हणजे मी बरोबरच होतो, फक्त शिळ्या क्लिकवर बरोबर होतो.

मग वायरचे हेडफोन आले. आता क्लिक वेळेवर, पण माझाच गळा मला उशिरा ऐकू यायला लागला. याचं खापर बफरवर. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने पुढे देत नाही, बादली भरली की ओततो. ती बादली १०२४ नमुन्यांची होती आणि सेकंदाला नमुने येतात ४४,१००, म्हणजे एक बादली भरायला साधारण २३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात हवेतून आवाज आठ मीटर जातो. आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये कुठल्याही कोपऱ्यातून कुठल्याही कोपऱ्यापर्यंत आठ मीटर भरत नाहीत. तेव्हा मी आपल्या घरी बसून शेजाऱ्यांच्या देवघरातून गात होतो. तेही एका फेरीचं झालं. आत जाताना एक बादली, बाहेर येताना दुसरी. बादली १२८ ची केली तर म्हाताऱ्या लॅपटॉपची धांदल उडाली आणि पेटीत लाह्या फुटायला लागल्या. शेवटी २५६ वर तह झाला.

त्यानंतरच्या टेकमध्ये 'विठ्ठल' मधला 'वि' गायब. आमचा मुखडा समेच्या आधी उचलतो आणि मी समेच्या घरापासून रेकॉर्डिंग लावलं होतं. आधी एक घर मोकळं मोजून घ्यायची सोय असते, ती बंद होती. 'ठ्ठल, ठ्ठल' असा गजर मी जपून ठेवलाय.

दुसरा अभंग रूपकात. त्या दिवशी नाना स्वतः आले, कानाला हेडफोन लावला आणि तिसऱ्या आवर्तनाला काढून ठेवला. "बुवा, हा कुठला पाहुणा?" सॉफ्टवेअरचा हिशेब चाराचा, दर चौथ्या टिचकीनंतर एक जोराचा ठोका. रूपक सातांचा. त्यामुळे ठोका पहिल्या आवर्तनात पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर, पुढच्यात दुसऱ्या आणि सहाव्यावर, आणि पुन्हा समेवर गाठ पडायची ती थेट चार आवर्तनांनी. दूरच्या नातेवाइकांची लग्नाकार्यात पडते तशी. मी ४ चे ७ केले. ठोका समेवर आला, नाना आणखी भडकले. "रूपकात सम खाली असते, आणि हा नेमका तिथेच घण घालतोय!" शेवटी जोराचा ठोकाच काढून टाकला. सगळ्या टिचक्या सारख्या, कुणाला मान नाही.

एवढं करून आम्ही क्लिकवर बसलो, आणि बसलो कसले, घसरलो. अंतऱ्यापर्यंत मी पुढे, क्लिक मागे, नाना मधे दोघांकडे बघतायत. मी म्हटलं, मेट्रोनोमच बिघडलाय. ही सबब माझी नाही, दोनशे वर्षं जुनी आहे. मेट्रोनोमचं पेटंट १८१५ मध्ये मेल्झेल नावाच्या गृहस्थाने घेतलं. त्यातली मूळ युक्ती ॲम्स्टरडॅमच्या विंकेलची होती, ती त्याने बिनदिक्कत उचलली. बेथोव्हेनने आपल्या सिंफनींना मेट्रोनोमचे आकडे जाहीर केले १८१७ मध्ये. ते आकडे इतके पळते की त्याचा मेट्रोनोम बिघडलेला असणार, अशी शंका जाणकार आजही घेतात. बेथोव्हेनला ही सवलत मिळते, डोंबिवलीत मिळत नाही. याच मेल्झेलकडे बुद्धिबळ खेळणारा एक यांत्रिक 'तुर्क'ही होता. तो गावोगाव लोकांना हरवायचा, कारण खालच्या पेटीत एक खराखुरा खेळाडू दडून बसलेला असे. तो माणूस या मेल्झेलने मेट्रोनोममध्ये बसवायला हवा होता.

भाचा रविवारी आला. म्हणाला, "क्लिक बंद करा, नेहमीसारखं दोघं वाजवा." वाजवलं. काय जमलं म्हणून सांगू! एक मात्रा इकडची तिकडे नाही. मी विजयी मुद्रेने त्याच्याकडे पाहिलं. तो रेघांवर काहीतरी मोजत होता.

"मामा, ७२ ला सुरू झालं. ९१ ला संपलं."

"आणि तबला?"

"तबला शेवटपर्यंत तुमच्याबरोबर आहे."

नाना हातोडी पिशवीत ठेवत होते. वर न बघता म्हणाले, "मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"२२ वर्षं झाली की."

चहा येईपर्यंत कुणी काही बोललं नाही. नानांनी बिस्कीट बुडवलं, ते बशीत पडू न देता वेळेवर तोंडात टाकलं, आणि म्हणाले, "तुम्ही गा हो बुवा. क्लिकवर गा. मी मागून बघतो."

पुढचे दोन आठवडे मी क्लिकवर गायलो. स्वतःचा सूर ऐकू यावा म्हणून हेडफोन एका कानावरून सरकवून ठेवायचो, तर त्यातून क्लिक बाहेर सांडून थेट माइकमध्ये. भाच्याने तो पुसायचे सगळे प्रयत्न केले. "मामा, तुम्ही त्याच्या बरोबर वाजवलं असतंत तर तो पेटीखाली झाकला तरी गेला असता. तुम्ही पुढे जाता आणि तो उघडा पडतो."

आषाढीच्या सकाळी तसाच पाठवला. दुपारी सांगलीहून आत्याचा फोन आला. वय ८४, कान तीक्ष्ण.

"छान झालाय रे अभंग. पण तो चिपळ्या वाजवणारा कोण नवीन घेतलाय?"

"का गं?"

"तेवढा एकच लयीला पक्का आहे बघ. त्याला सोडू नका."