शिंगवाले अण्णा

डोंबिवली पूर्वेला अण्णांकडे चहाला गेलात, तर चहाच्या आधी टेप येतो. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात जन्मभर क्वालिटी कंट्रोल केलेला माणूस. रिटायर झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा हॉलमधल्या सांबरशिंगांवर घसरला. सांबर आजोबांनी मारलेलं. कुठे, ते दर दिवाळीला बदलतं. कधी माळशेज, कधी शहापूरचं रान.

"शिंप्याचा टेप ताणतो, स्टीलचाच हवा," अण्णा बजावतात. लंडनच्या रोलंड वॉर्डनं १८९२ मध्ये शिकारीच्या मापांचं बुक काढलं, तेही त्यांना पाठ. पण निष्ठा बून अँड क्रॉकेटवर. थिओडोर रूझवेल्टनं १८८७ मध्ये काढलेला हा अमेरिकन शिकाऱ्यांचा क्लब. त्याच्या गुणपद्धतीत दांड्याची लांबी, फाट्यांची लांबी, चार ठिकाणचे घेर आणि दोन शिंगांमधलं अंतर यांची बेरीज करायची, मग डाव्या-उजव्यातला फरक वजा. मापं इंचाच्या आठव्या भागापर्यंत, तीही शिंगं साठ दिवस वाळल्यावर. हे नियम तिकडच्या जनावरांसाठी आहेत, त्यांत सांबर नाहीच, असं मी एकदा म्हणालो.

"आयएसओ तरी कुठे आपलं होतं? पाळलं ना?"

वजाबाकी पुढे अंगातच भिनली. लोकलमध्ये चौथ्या सीटवर बूड किती इंच टेकलं, हे ते ठाण्यापर्यंत सांगत जातात. पुतणीसाठी कल्याणचं स्थळ बघायला गेले, तर मुलाच्या मिशीची उजवी बाजू आखूड निघाली. गुण कापले. (लग्न झालं. मिशी गेली.)

मग वहिनींची भाची आली, प्राणिशास्त्र शिकणारी. तिनं फळीवरून शिंगं सोडवून बुंधे पाहिले.

"काका, ही गळलेली आहेत. मारलेल्या जनावराच्या शिंगांना मुळाशी कवटीचं हाड राहतं. इथं नुसता फुगीर, खडबडीत गोल आहे. सांबराची शिंगं गळतात आणि पुन्हा येतात."

"मग मधलं अंतर?"

"ते सुतारानं ठरवलं."

अण्णांनी वही काढली आणि अंतराचे गुण खोडले. अंतर गेलं की बून अँड क्रॉकेटच्या लेखी अख्खा स्कोरच बाद. वहिनींना मात्र आनंद झाला. आजेसासरे झुरळालासुद्धा घाबरायचे, हे त्या लग्नापासून ऐकत आल्या होत्या.

अण्णा आता रोलंड वॉर्डकडे वळलेत. त्याला सापडलेली शिंगंही चालतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याला मात्र मारलेलं आणि वेचलेलं सारखंच. तुमच्या भिंतीवर अशी शिंगं असतील, तर आधी मालकीचा दाखला शोधा. नसेल, तर अण्णांना बोलावू नका. वनखात्याचं ऑफिस गाठा.