बाळंतिणीचा ई-पास

टाळेबंदीत जन्मलेली पोरं आता शाळेच्या रिक्षात बसायला लागली, पण त्यांच्या आयांवरचा एक आरोप अजून निकाली निघालेला नाही. डोहाळजेवण असो की मुंज, चार बायका जमल्या की २०२० चा विषय निघतो आणि एखादी सासू सुरू होते, "आमच्या सूनबाईला तर दमच निघायचा नाही बघा. दीड महिन्याचं लेकरू, बाहेर कोरोना, आणि ही निघाली फिरायला! काम ना धाम!" बाकीच्या जणी हनुवटीला बोट लावतात. सून तिथंच असते, पंगतीत शेंगापोळी वाढत. तिचं म्हणणं काय, हे कोणी विचारत नाही.

तर आज हा विषय मिटवून टाकू. नव्या आईनं काही काम नसताना, नुसती हवा खायला, टाळेबंदीत घराबाहेर पडणं योग्य होतं का? होतं. लागला निकाल. आता उरलेल्या जागेत, तिला हा प्रश्न विचारणारे त्या दिवसांत स्वतः कुठं होते ते बघू.

बाळाचे वडील रस्त्यावर होते. सोलापुरातला पहिला रुग्ण १२ एप्रिलला सापडला आणि चौकाचौकात नाकाबंदी आवळली गेली. सोलापूरला संचारबंदी तशी नवी नाही. १९३० च्या मे महिन्यात इथं मार्शल लॉ होता, तेव्हा डोक्यावर गांधी टोपी दिसली की पकडत. २०२० मध्ये नाकावर मास्क दिसला नाही की पकडायचे. पण काठी चुकवायचा रामबाण उपाय नव्या बापांना लगेच सापडला: डायपरचं पाकीट. गाडीच्या हँडलला अडकवायचं, पाकिटावरचं गोजिरं बाळ साहेबांच्या नजरेला पडेल असं.

"कुठं निघालास बे?"

"साहेब, लहान बाळ हाय घरात."

"जा. लवकर ये."

सकाळी डायपर, दुपारी ग्राइप वॉटर, संध्याकाळी 'मेडिकलात ते सकाळचं आलंय का बघून येतो'. ते 'सकाळचं' काय, हे मेडिकलवाल्यालाही माहीत नव्हतं. एकच पाकीट आठवडाभर हँडलला लटकलं तरी चालायचं, कारण घरात बाळ आजीच्या जुन्या पातळाच्या लंगोटात मजेत होतं. ज्याच्या नावावर बाप सात रस्ता ते आसरा चौक हिंडून यायचा, त्या बाळाची आणि त्याच्या आईची हद्द मात्र गॅलरीच्या कठड्याला संपायची. गॅलरी असली तर.

सरकार कुठं होतं? यादी करत होतं. केंद्राचा १ मे २०२० चा आदेश काढून बघा. ६५ वर्षांवरचे, जुने आजार असलेले, गर्भवती आणि १० वर्षांखालची मुलं यांनी अत्यावश्यक गरज आणि तब्येतीचं कारण सोडून घरातच राहायचं. आता यातली गंमत अशी, की बाई बाळंत झाली त्या क्षणी यादीतून सुटली, आणि त्याच क्षणी तिचं बाळ यादीत शिरलं. दर दोन तासांनी दूध मागणारं बाळ घरात ठेवून ती जाणार कुठं? कागदावर मोकळी, घरात स्थानबद्ध. त्याच आदेशानं ४ मेपासून दारूच्या दुकानांची वाट मोकळी केली आणि मुंबई-पुण्यात लांबच लांब रांगा लागल्या. त्या रांगेतल्या कोणालाही 'इतकी काय गरज होती?' असं पंगतीत ऐकवलेलं आमच्या तरी कानावर नाही. उलट राज्याची तिजोरी सावरली म्हणून कौतुकच झालं.

पुढं ३ जूनपासून 'पुनश्च हरिओम' झालं. रेड झोनमधल्या महापालिकांतसुद्धा, म्हणजे आपल्या सोलापुरातही, पहाटे ५ ते संध्याकाळी ७ मोकळ्या जागेत चालायला, धावायला, सायकल मारायला मुभा मिळाली. लहान मुलांबरोबर मोठं माणूस हवं, अशी अट. राज्याची परवानगी आली. घरची आली नाही. मंत्रालयातले आदेश पंधरा पंधरा दिवसांनी बदलत होते, स्वयंपाकघरातला आदेश बदलायला कोणी बैठकच बोलावली नाही. मग जुलैत १० दिवस शहर पुन्हा कडकडीत बंद झालं, तेव्हा तर सासूबाईंचं म्हणणं शासनमान्यच ठरलं.

आता सव्वा महिन्याबद्दल. बाळंतिणीनं सव्वा महिना खोलीबाहेर पडू नये ही आपली जुनी रीत. तिची टिंगल करायचं कारण नाही. ज्या काळात बाई पहाटे उठून जात्यावर बसायची, विहिरीवरून पाणी आणायची, त्या काळात सव्वा महिना तिला कामाला हात लावू न देणं ही मोठी सवलत होती. माहेरी आई, अंग चोळून आंघोळ घालणारी बाई, अळिवाची खीर, डिंकाचा लाडू, आणि झोप. कोंडणं होतं, पण कोंडण्याच्या बदल्यात आराम होता.

टाळेबंदीनं त्यातला आराम तेवढा काढून घेतला. मालिशवाली बाई येईना, भांडीवाली येईना. पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम जिल्ह्याच्या सीमेवर अडकला. आणि सोलापूरच्या किती सुनांचं माहेर जिल्ह्याच्या, नव्हे राज्याच्या पलीकडं! इंडी, अफझलपूर, कलबुर्गी, विजयपूर. एरवी सकाळच्या एसटीनं दुपारच्या जेवणाला पोचता येईल एवढं लांब. पण मधे महाराष्ट्राचा नाका आणि कर्नाटकाचा नाका. ई-पासच्या अर्जात कारण लिहावं लागे. आजारपण चालायचं, मयत चालायची. 'आईजवळ जाऊन दोन दिवस रडायचंय' हे कारण कोणत्या रकान्यात भरायचं? तर ती सासरीच बाळंत झाली. सासरे घरी, नवरा घरी, दीर घरी, सगळ्यांना दर तासाला चहा. टाके ओले, रात्रभर जागरण आणि ओट्यावर कुकरच्या शिट्ट्या. आणि वर ही रीत, की बाहेर पडायचं नाही.

याच काळात घरातल्या पुरुषांना २१ दिवस घरी बसा म्हटलं होतं. आठवा काय गहजब झाला. पहिल्या आठवड्यात पत्ते, दुसऱ्या आठवड्यात चिडचिड, तिसऱ्या आठवड्यात मानसिक आरोग्यावर व्हॉट्सॲपवरून प्रवचनं. तेवढ्यात ज्यांचे डोळे पांढरे झाले, तेच तिला म्हणत होते, "सव्वा महिना म्हणजे काय गं, असा जातोय बघ."

मे महिन्यातलं सोलापूर हाही एक मुद्दा आहे. पारा ४२ च्या पुढं, पत्रा तापलेला, पंखा गरम हवाच फिरवतोय. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून खिडकी बंद, कानाला स्कार्फ, खाटेखाली शेगडी आणि ओव्याची धुरी. बंगल्यातल्या बाईला निदान गच्ची होती. पूर्व भागातल्या एका खोलीच्या घरात, कुंभारीच्या विडी घरकुलात, जिथं चौघं-पाच जणं आधीच दाटीवाटीनं राहतात, तिथं 'घरात सुरक्षित राहा' हा सल्ला ऐकायला छान वाटत होता. त्या घरातल्या बाईनं संध्याकाळी ऊन उतरल्यावर लेकराला दुपट्यात गुंडाळून गल्लीच्या तोंडापर्यंत चक्कर मारली, तर तिनं नक्की कोणाचा जीव धोक्यात घातला?

आणि इथंच खरा विनोद आहे. हवेतून पसरणारा रोग बंद खोलीत जास्त पसरतो आणि मोकळ्यावर कमी, हे हळूहळू कळत गेलं. तरी 'बाळ बघायला' येणारे थांबले नाहीत. मागच्या दारानं यायचे, मास्क हनुवटीवर, खिशात दहाची नोट आणि हातात टोपडं-झबलं. दहा बाय दहाची बंद खोली, आत सात माणसं, धुरीनं सगळेच खोकतायत, आणि प्रत्येकजण वाकून बाळाचा गालगुच्चा घेतोय. याला माया म्हणत. आई एकटी बाळाला घेऊन विजापूर रोडला कंबर तलावाच्या बाजूनं पाय मोकळे करून आली, की तो हलगर्जीपणा. विषाणूला मत विचारलं असतं तर त्यानं बिनविरोध बाळ बघायला येणाऱ्यांना निवडून दिलं असतं.

निवडून देण्यावरून आठवलं. २०२१ चा एप्रिल. दुसरी लाट भरात, ऑक्सिजनसाठी धावाधाव, राज्यात १४ एप्रिलच्या रात्री ८ पासून संचारबंदी. आणि आपल्याच जिल्ह्यात १७ एप्रिलला पंढरपूर-मंगळवेढ्याची पोटनिवडणूक. आमदार भारत भालके कोरोनातून उठून पुन्हा आजारी पडले आणि गेले, म्हणून ही जागा रिकामी झाली होती. ज्या रोगानं घात केला, त्याच रोगाच्या भर लाटेत त्यांच्या जागेसाठी सभा झाल्या. दोन्हीकडचे मोठमोठे नेते आले, गर्दीचे फोटो दिमाखात छापून आले. राज्याचे निर्बंध जाहीर करतानाच सांगितलं गेलं, की पंढरपुरात ते मतदान झाल्यावर लागू होतील. म्हणजे विषाणूलाही आचारसंहिता होती. विठोबाला वारी बंद, पादुका एसटीनं, पण प्रचाराची वारी पायी, दाटीवाटीनं आणि घोषणा देत. पुढं लग्नांवर २५ माणसं आणि २ तासांचं बंधन आलं, मोडलं तर ५० हजारांचा दंड. तोवर हळदीच्या गर्दीत कोणाकोणाच्या माना डुलत होत्या, हे मांडववाल्यांना विचारा.

आता दुसरी बाजूही ऐकून घेऊ, कारण ती खोटी नाही. सोलापूरनं पहिल्या लाटेत फार माणसं गमावली. इथल्या मृत्यूंच्या प्रमाणाची राज्यभर चर्चा होती. सिव्हिलच्या दारात उभं राहून ज्यांनी आपलं माणूस प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पाहिलं, त्यांना लेकरू उंबऱ्याबाहेर नेलेलं बघून धडकी भरली, तर त्यांना खुळं म्हणता येणार नाही. नवजात बाळाला मास्क लावता येत नाही, लस नव्हती, घरात म्हातारी माणसं. भीती खरी होती. म्हणून नवी पेठेत साड्या बघायला जाणं चूक होतं. मंगळवार पेठेच्या गर्दीत शिरणं चूक होतं. पन्नास जणांना बोलावून बारसं करणं तर शंभर टक्के चूक होतं, आणि ते आईनं ठरवलेलं क्वचितच असायचं. पण गर्दीची भीती आणि बाईनं घराबाहेर दिसण्याची चीड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टाळेबंदीत दुसरीनं पहिलीचा मास्क घालून सगळीकडं फेरफटका मारला.

बाहेरच्या देशांतही चुका झाल्या, पण काहींनी सुधारल्या. स्पेनमध्ये मार्च २०२० पासून कुत्र्याला फिरवून आणायला परवानगी होती, पोराला नव्हती. ओरड झाली आणि २६ एप्रिलपासून एका मोठ्या माणसाबरोबर, एक तास, घरापासून एक किलोमीटरच्या आत मुलांना नेता यायला लागलं. इंग्लंडनं २ डिसेंबर २०२० पासून ज्या घरात एक वर्षाखालचं बाळ आहे, त्या घराला दुसऱ्या एका घराशी जोडून घ्यायची मुभा दिली. तिथं राहणाऱ्या एखाद्या मराठी मुलीला त्यामुळं निदान एक मैत्रीण तरी कायदेशीरपणे घरात घेता आली. नव्या आईला माणूस लागतं, हे तिथल्या सरकारनं कागदावर लिहिलं. आपल्याकडं कुठल्या आदेशात तसं वाक्य असेल, तर ते वाचायला आवडेल.

'माणूस लागतं' हे लाड पुरवणं झालं, असं कोणाला वाटत असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा ऐका. विकसनशील देशांत बाळंतपणानंतर १९.८ टक्के बायकांना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य गाठतं. पाचातली एक. टाळेबंदी नसताना. त्या बाईला सगळ्यात आधी डॉक्टर हवा आणि घरातल्यांची साथ हवी, संध्याकाळच्या चकरेनं सगळं बरं होत नाही. पण ती चक्करही बंद करून, वर 'तुलाच काय सुख बोचतंय' म्हणायचं, याला कुठल्या साथीचं निमित्त पुरणार?

कोरोना गेला. नाके उठले, ई-पास बंद झाले, डायपरचं पाकीट हँडलवरून उतरलं. आजही नवी आई पोराला कडेवर घेऊन चप्पल पायात सरकवायला लागली, की आतून आवाज येतो, "आत्ता कुठं? काही काम आहे का?" म्हणजे विषाणू हा या नियमाचा बाप कधी नव्हताच, तो आपला भाडेकरू होता.

तेव्हा समस्त सूनबाईंना विनंती. कोणी विचारलंच, तर डॉक्टर, लस, कोवळं ऊन अशी कारणं जुळवत बसू नका. "काही काम नाही," एवढंच सांगा आणि गाडीची किल्ली उचला. तास-दीड तास बाळाला बापाकडं ठेवून गेलात तर आणखी उत्तम, डायपर कुठं मिळतात हे त्याला पाठ आहेच, ते बांधायचे कसे हेही कळेल. आणि पानटपरीवर रोज तास तास उभं राहणाऱ्यांकडून तर मुळीच ऐकून घेऊ नका. ते तिथं काय करतात, असं विचारलं तर पिढ्यान् पिढ्या त्यांचंही उत्तर तेच आहे. त्यांना आजवर कोणी पास मागितलेला नाही.