वाळवंटात शिक्का कसा मिळवावा

तहसील कचेरीत एका शिक्क्यासाठी तीन हेलपाटे घातलेल्या माणसाला लेटरबॉक्सिंग वेगळं शिकवावं लागत नाही. इथे कचेरी दगडाखाली असते आणि साहेब जेवायला गेलेले नसतात, एवढाच फरक.

कुणीतरी डब्यात एक वही आणि हाताने कोरलेला रबरी शिक्का घालतं, डबा रानात लपवतं आणि त्याचं कोडं जाहीर करतं. आपण डबा हुडकायचा. त्याचा शिक्का आपल्या वहीत, आपला त्याच्या वहीत, की झालं. 1854 साली इंग्लंडातल्या डार्टमूरवर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूलपाशी बाटली ठेवली, लोक तीत आपापली कार्डं टाकू लागले. तिथून हे खूळ निघालं. 1998 साली स्मिथसोनियन मासिकात लेख आला आणि अमेरिकेतही साथ पसरली. थंड, ओल्या दलदलीतला हा खेळ कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात, तोही जुलैत खेळावा, हे मात्र आम्हालाच सुचलं.

तयारी. शिक्का खोडरबरावर कोरावा, अक्षरं उलटी. मी तीन रात्री जागून कोरला. पाणी माणशी दिवसाला चार लिटर घ्यावं. बायकोने ते घेतलं, वर दशम्याही.

वाटेत बेकर गावी 134 फूट उंचीचा थर्मामीटर लागतो. 1913 साली डेथ व्हॅलीत 134 अंश फॅरनहाइटची नोंद झाली, म्हणून एवढा उंच. तो वाचायला खाली उतरू नये. गाडीच्या पट्ट्याचं बक्कल मांडीला टेकलं की आकडा आपोआप कळतो.

पुढे झायझिक्स (Zzyzx) नावाच्या रस्त्याची पाटी दिसेल. पाटी चुकलेली नाही. 1944 साली कर्टिस स्प्रिंगर या रेडिओवरच्या उपदेशकाने, इंग्रजी कोशात शेवटचा शब्द आपलाच असावा म्हणून हे नाव पाडलं. खनिजाचा दावा दाखवून त्याने सरकारी जमिनीवर आरोग्यधाम थाटलं, आणि 1974 साली सरकारने त्याला बाहेर काढलं. कागदावर योग्य शिक्का नसला की काय होतं, हे शिकायला याहून चांगली जागा नाही.

आता शोध. ‘दोन फांद्यांच्या जोशुआ झाडापासून 120 अंशांवर शंभर पावलं,’ असं कोडं होतं. दोन फांद्यांची झाडं नजरेच्या टप्प्यात चाळीस. शिवाय इकडे होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून सुमारे 12 अंश पूर्वेला झुकते. हे विसरलं की शंभर पावलांत वीस पावलं चुकतात. मी विसरलो.

“अहो, तो दगडांचा ढीग बघा, कुणीतरी मुद्दाम रचल्यासारखा वाटतोय,” बायको म्हणाली. असाच ढीग शोधायचा असतो. पण हात घालू नये, आधी काठीने ढोसावं. सावलीचा दगड रॅटलस्नेकलाही आवडतो.

डबा निघाला! वही निघाली, शिक्का निघाला. आमचं स्टॅम्प पॅड पापडासारखं वाळलेलं. आणि माझा शिक्का घरी, फ्रिजवर.

अशा वेळी घाबरू नये. बायकोची लिपस्टिक उन्हाने वितळलेलीच होती. मी तीत डावा अंगठा बुडवला आणि त्यांच्या वहीत उमटवला.

“साक्षीदार म्हणून खाली सही करू का?” तिने विचारलं.