काकांचा टॅग

लग्नपत्रिकेइतका शिस्तीचा कागद मराठी घरात दुसरा निघत नाही. वर गजानन प्रसन्न, मध्ये वधूवर, खाली विनीत मंडळी; कुठे काय यायचं हे छापखानेवाला झोपेतही सांगेल. तेव्हा एक्सएमएल या संगणकी भाषेत ती बसवणं अगदी सोपं असणार, असं वाटतं. प्रत्येक मजकुराला तो काय आहे हे सांगणारा टॅग लावायचा, झालं! १९९८ साली प्रमाण ठरलेल्या या भाषेत टॅगांची नावं देवनागरीतही चालतात. ‘वर’ आणि ‘वधू’ विनातक्रार उघडतात, बंद होतात.

कुरकुर सुरू होते तिथीपाशी. वेबपानांच्या एचटीएमएलमध्ये वेळेसाठी ‘टाइम’ नावाचा एक समंजस टॅग आहे. माणसांना दिसायचं ते हवं तसं लिहा. यंत्रापुरती तारीख आत वेगळी द्या, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि आकडे इंग्रजी. १२ वाजून ३७ मिनिटांचा मुहूर्त त्यात चपखल बसतो. तिथीला मात्र जागा नाही. चंद्र सूर्यापासून आणखी बारा अंश पुढे गेला की तिथी बदलते, मग तेव्हा रात्रीचे अडीच का वाजलेले असेनात. कधी तिचा क्षय होतो, कधी ती दोन सूर्योदय बघते.

पत्त्यातला पिन कोड यंत्राचा लाडका. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली. पण वऱ्हाड कार्यालयात पोचतं ते ‘जुन्या टॉकीजसमोर’ या ओळीवर. टॉकीज पाडून मॉल झाला तरी ओळ हलत नाही. ‘चि. सौ. कां.’ची तऱ्हा उलटी. ती नोंद शेवटची अक्षता पडेपर्यंतच खरी.

खरी कसोटी ‘आपले विनीत’मध्ये. एक्सएमएलमध्ये माहिती एकतर स्वतंत्र एलिमेंट म्हणून येते, नाहीतर दुसऱ्याला चिकटलेलं अ‍ॅट्रिब्यूट म्हणून. अ‍ॅट्रिब्यूटांच्या क्रमाला काही अर्थ नसतो. धाकटे काका थोरल्यांच्या आधी आले तरी भाषेला त्याचं सोयरसुतक नाही. शिवाय एका एलिमेंटवर एकाच नावाचं अ‍ॅट्रिब्यूट दोनदा चालत नाही, म्हणजे घरात काका एकच! तेव्हा प्रत्येक काकांना स्वतंत्र एलिमेंटचा मान द्यावाच लागतो. एलिमेंटांचा क्रम यंत्र इमानाने सांभाळतं.

तो क्रम ठरवून मात्र देत नाही. निदान एक तरी काका हवेत, असा नियम स्कीमात, म्हणजे रचनेच्या नियमावलीत, घालता येतो. क्रमही घालता येतो; पण चुलत काका मोठ्या मामांच्या वर की खाली, हे आधी आपल्यालाच ठरवावं लागतं. हे नियम तपासणाऱ्या व्हॅलिडेटरने पत्रिका निर्दोष ठरवली तरी छापायला टाकण्याआधी आजीला वाचून दाखवावी.